घरातल्या म्हाताऱ्याला न्यायचं कुणी

सिंगापुरातल्या पुंगोलच्या या घरात माझ्या मुलानं एक गोल, चपटं यंत्र आणून ठेवलंय. सकाळी तो आणि सूनबाई एमआरटीची गाडी गाठायला बाहेर पडले, की ते आपलं आपणच जागं होतं आणि सोफ्याखालचा केर गोळा करत घरभर हिंडायला लागतं. मी हातातलं काम टाकून जाते आणि त्याच्या पाठीवरचं बटण दाबते. नात वैतागते. "आजी, व्हाय यू ऑल्वेज ऑफ इट? लेट इट क्लीन लाह!" मी म्हणते, त्या दोघांना ऑफिसात पोचू दे, तुझ्या बाबाचा मेसेज येऊ दे, मग फिरव हवं तेवढं. रॅफल्स प्लेस ते काय, पाऊण तासाचा रस्ता, मलाही कळतं. पण मेसेज येईपर्यंत मला एका जागी बसवत नाही. ओट्याशी जाते, गॅलरीत जाते, उगाच कपडे उलटे-सुलटे करते. माणूस बाहेर पडल्या पडल्या केर काढू नये हे आपल्याकडं कुणालाही ठाऊक असतं. तो पोचल्याचं कळेपर्यंत झाडू उचलायचाच नाही, हे मात्र मला माझ्या रशियन काकूनं शिकवलं.

हो, रशियन. विनूकाका, म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, जहाजाच्या इंजिनाचं शिक्षण घ्यायला लेनिनग्राडला गेला आणि येताना ल्युबाकाकूला घेऊन आला. आम्ही तेव्हा बंदराजवळ एका दुकानाच्या माडीवर राहायचो. खाली चिनी माणसाचं सुक्या मासळीचं दुकान. वर लांबच लांब, अंधारी, लाकडी जमिनीची जागा, आणि मागं मोरी आणि चूल. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, ते गोदीत कारकून. आई कोकणस्थांच्या कडक सोवळ्यातली. खालून सुक्या बोंबलाचा वास वर यायचा तेव्हा ती देव्हाऱ्यापाशी दोन उदबत्त्या जास्त लावायची. अशा घरात ही उंच, गोरीपान, मोठ्या पावलांची बाई आली. दाराशी ओवाळायला आई ताट घेऊन उभी, आणि काकूनं उंबऱ्याबाहेरून आईच्या हातात काहीतरी द्यायला हात पुढं केला आणि झटक्यात मागं घेतला. आत येऊन मग दिलं. पावाचा तुकडा आणि मिठाची पुडी होती. उंबऱ्यावरून द्यायचं-घ्यायचं नाही, भांडण होतं, असं तिचं म्हणणं. आई नंतर नानांना म्हणाली, "उंबऱ्याचं कळतं हो हिला. बरी निघेल."

बरी निघाली, पण सोपी नव्हती. तिच्याबरोबर तिच्या आजीचं सगळं गाव आलं होतं. घरात शीळ घातली की ती माझ्या तोंडावर हात ठेवायची, घरातलं सगळं उडून जातं म्हणून. कुणी म्हणालं, पोरगी छान उंच झाली, की डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू करायची, आणि आई त्याच वेळी मीठ-मोहऱ्या शोधायची. मोरीत शेवटची आंघोळ तिची असली तर एक बादली पाणी आणि साबणाचा चपटा तुकडा मागं ठेवून यायची. न्हाणीघरातला एक कुणी असतो, त्याची पाळी शेवटची. तो चिडला तर चटका देतो. आई म्हणायची, "आमच्याकडं मोरीत फक्त झुरळं असतात." पण ती बादली आईनं कधी ओतून टाकलेली मी पाहिली नाही.

आणि सगळ्यांत मोठा होता तो घरातला आजोबा. दोमोवोय. चुलीमागं राहतो, अंगभर केस, दिसत नाही, घरच्या धन्यासारखाच असतो चेहऱ्यानं. त्याला घर आवडलं तर माणसं सांभाळतो, नाही आवडलं तर भांडी आपटतो, रात्री छातीवर बसतो. काकूनं शेगडीमागं बशीत त्याच्यासाठी दूध ठेवायला सुरुवात केली. आईला वाटलं मांजराला ठेवते. खरं कळलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुझा हा म्हातारा तिकडून आला तरी कसा? बोटीनं?"

"हा इथला," काकू म्हणाली. "प्रत्येक घर आहे, तिथं एक आजोबा आहे. तुला माहीत नव्हतं, वहिनी, म्हणून उपाशी."

ती सगळ्यांना 'तू' म्हणायची, अगदी नानांनासुद्धा. 'दादा, तू जेव.' मराठी तिला विनूकाकानं आणि आईनं मिळून शिकवली, त्यामुळं अर्धी गोदीतली, अर्धी स्वयंपाकघरातली. त्यांच्याकडं शिमग्यासारखा एक सण असतो, थंडीला हाकलून लावायचा. त्या आठवड्यात ती गोल गोल धिरडी घालायची, सूर्य म्हणून. आई पहिलं धिरडं हातात घेऊन उलटंपालटं करून बघायची आणि म्हणायची, "गूळ घालून बघ, अजून बरं लागेल." सिंगापुरात थंडी कुठली, बाहेर घामाच्या धारा, खालच्या गल्लीत शेवया विकणारा बांबूच्या कांड्या आपटत चाललेला, टोक टोक, टोक टोक, आणि वर या दोघी थंडीला हाकलायला गुळाची धिरडी खातायत. मला ते दिवस आठवले की अजून तोंडाला चव येते. पण लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

विनूकाका जहाजावर जायला निघाला की काकू सगळ्यांना बसवायची. सामान दाराशी, टॅक्सी खाली, नाना घाईत, तरी बसायचं. कुणी पेटीवर, कुणी जमिनीवर. बोलायचं नाही. मग ती उठायची, की सगळे उठायचे. तो गेल्यावर तो पोचल्याची तार येईपर्यंत केर काढायचा नाही. झाडू वाट पुसून टाकतो, मग माणसाला परतीची वाट सापडत नाही. आईला हे निम्मं पटायचं. आपल्याकडंही माणूस निघाल्यावर थोडा वेळ थांबतातच की. पण किती? आईच्या हिशेबानं तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत. फार तर संध्याकाळपर्यंत.

त्या खेपेला जहाज आफ्रिकेच्या बाजूला जाणार होतं. लांबचा पल्ला. काका गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती, नैवेद्य होता, आणि खालच्या दुकानातली धूळ माडीवर चढून जमिनीवर बोटानं नाव काढता येईल इतकी झालेली. काकू बाजारात गेली होती. आईनं झाडून काढलं. काढलं म्हणजे तिच्या पद्धतीनं, कोपऱ्याकोपऱ्यातून, दारापर्यंत, जिन्यावरून खाली. काकू परतली ती जिन्यातच थांबली. हातातल्या पिशवीतून पालक डोकावत होता, ते मला अजून दिसतं. चपला तिनं तिथंच काढल्या. स्वच्छ जमिनीकडं बघत अनवाणी आत गेली.

तार आली नाही.

आठवडे गेले, महिने गेले. नाना रोज कामावरून सुटले की त्या कंपनीच्या कचेरीत जायचे. आधी तिथले लोक खुर्ची द्यायचे, मग उभ्यानं बोलायला लागले, मग एके दिवशी कचेरीच बंद झाली. कुणी म्हणे जहाज विकलं, कुणी म्हणे बुडालं, कुणी म्हणे माणसांना कुठल्या बंदरात अडकवून ठेवलंय. घरात कुणी नीट बसेना. नाना जेवताना मध्येच उठून खिडकीशी जायचे. काकू जहाजाचा भोंगा झाला की धक्क्यावर. प्रत्येक भोंग्याला. मी तिच्याबरोबर जायची, तिच्या ढांगा एवढ्या लांब की मला पळावं लागायचं. आणि आई? आई घर घासत सुटली होती. तांबं घासायची, पितळ घासायची, घासलेलं परत घासायची. केर मात्र फक्त काकू घरात असताना काढायची, आणि तोही दाराकडून आत, उलटा.

एकदाच काकू बोलली. कशावरून तरी दोघींचं वाजलं होतं, बहुतेक अंड्यांवरून. त्यांच्या मोठ्या सणाला ती कांद्याच्या सालींत अंडी उकडून लाल करायची आणि आईच्या चुलीवर अंडं चढायचं नाही. बोलता बोलता काकू एकदम म्हणाली, "तू झाडलं, वहिनी." बस, तेवढंच. आईचा उलथणं धरलेला हात तसाच राहिला. त्या वर्षी अंडी आमच्या चुलीवर उकडली. आईनंच पाणी ठेवलं.

मग ते घर सोडायची वेळ आली. सगळी गल्लीच पाडणार होते. आम्हाला तोआ पायोला सरकारी फ्लॅट मिळाला, वरच्या मजल्यावर, लिफ्ट, नळाला चोवीस तास पाणी. सगळे खूश असायला हवे होते. काकूनं सांगून टाकलं, मी येत नाही. विनू आला तर इथं येणार. त्याला हा जिना माहीत आहे, तो फ्लॅट माहीत नाही. नानांनी समजावलं, खालच्या दुकानदाराला पत्ता देऊन ठेवू म्हणाले. तो दुकानदारही उठून जाणार होताच. काकू नुसती मान हलवायची. आई रात्रंदिवस सामान बांधत होती आणि काकूची खोली जशीच्या तशी.

नाना वाईट नव्हते हो. पण त्यांना भावाचे कपडे समोर बघवेनात. एक दिवस काकू धक्क्यावर गेली असताना त्यांनी 'कारंग गुनी' अशी हाळी देत जुनं सामान गोळा करणाऱ्याला वर बोलावलं आणि विनूकाकाची खाट, जुने डगले, कामाचे बूट, सगळं त्याला देऊन टाकलं. "फ्लॅटच्या खोल्या इवल्याशा," एवढंच म्हणाले. काकू परतताना तो माणूस तिला गल्लीच्या तोंडाशी भेटला. पोत्यातून लोंबणारी नाडी तिनं ओळखली. बाकी काही तिनं मागितलं नाही. एक बूट काढून घेतला, डाव्या पायाचा, टाचेशी तेलाचा डाग असलेला, आणि छातीशी धरून वर आली. नानांकडं बघितलंही नाही. नाना भिंतीकडं तोंड करून उभे होते.

निघायच्या दिवशी सकाळी लॉरी खाली येऊन उभी राहिली. सामान उतरलं. माडी रिकामी झाली की आपलाच आवाज आपल्याला अनोळखी वाटतो, तसं झालं होतं. आईनं नाहून रेशमी लुगडं नेसलं, देव ताम्हनात घेतले, वर लाल रुमाल टाकला. आणि काकू शेगडीपाशी जमिनीवर बसलेली, मांडीवर तो बूट. बुटात पावाचा तुकडा.

"लुबा, ऊठ. लॉरीवाला ओरडतोय."

"तुम्ही जा, वहिनी. कोणी घरी पाहिजे."

"अगं, कसलं घर? परवा इथं छप्पर राहणार नाही. माणसं येतील पाडायला."

"आजोबा इथं आहे. विनू इथं येणार. मी कुठं जाऊ?"

"मग घे ना तुझ्या त्या म्हाताऱ्याला बरोबर!" आईचा आवाज चढला. "कुणी अडवलंय? फ्लॅटमध्ये काय, त्याला जागा नाही?"

काकूनं वर बघितलं. तिचे डोळे सुजले होते. "तो या बुटात बसून येईल, पण मी नाही बोलवू शकत. घरातली मोठी बाई बोलवते. आम्ही नव्या घरी गेलो, तेव्हा माझी आजी बोलवली. इथं मोठी तू."

खाली लॉरीचा भोंगा वाजला. नाना जिन्यातून "काय चाललंय?" म्हणून ओरडले. आई जागच्या जागी पाय बदलत होती. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. जोड्याला चुकून हात लागला तरी आम्हाला हात धुवायला लावणारी बाई ती. देव हातात घेऊन निघालेली.

"तुझी आजी काय बुटात घालून न्यायची त्याला?"

"नाही. आजी निखारे नेली. मडक्यात. चुलीतले."

"मग तसं सांग की!" आईला एकदम हुरूप आला. "निखाऱ्यांचं काय, ते देवांबरोबरसुद्धा चालतात. शेगडीत आहेत अजून. सुमे, मडकं बघ."

मी मडकं शोधायला वळले तोवर काकू म्हणाली, "निखारा विनूला नाही ओळखत, वहिनी."

बराच वेळ आईनं त्या बुटाकडं बघितलं. मग ताम्हन माझ्यापुढं केलं. "धर. दोन्ही हातांनी. पाडू नको." देव मी पहिल्यांदाच असे हातात घेतले. ते वाटलं त्यापेक्षा जड होते. आई काकूसमोर उकिडवी बसली, लुगड्याचा घोळ सावरला, आणि दिराचा तो तेलकट बूट दोन्ही हातांत घेतला.

"काय म्हणायचं असतं?"

"आजोबा, चल आमच्याबरोबर, असं."

"मराठीत चालेल त्याला?"

"इतकी वर्षं ऐकतो," काकू म्हणाली. "कळतं."

आईनं शेगडीमागच्या काळ्या भिंतीकडं तोंड केलं. पाहुण्याला बोलावताना तिचा जो आवाज असायचा, तोच काढला. "अहो आजोबा, चला. घर बदलतोय आम्ही. यात पाव ठेवलाय हिनं, मी मीठ घालते चिमूटभर. नीट बसा, लॉरी हिसके मारते. तिकडं दूध मिळेल रोज. आमचे भावजी लांब गेलेत, त्यांना नव्या घरचा रस्ता दाखवायचं काम तुमचं." ती थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आणि मला केर काढायची घाई झाली होती. ते तुम्ही मनात ठेवू नका."

काकू रडली नाही. ती उठली, फ्रॉक झटकला, आणि आम्हाला हातानं खूण केली. आम्ही तिघी त्या रिकाम्या जमिनीवर बसलो, निघण्याआधी बसायचं तसं. नाना वर आले होते ओरडायला, तेही दारातच टेकले. मग काकू उठली. आम्ही उठलो.

जिना उतरताना पुढं आई, हातात बूट, मागं मी देव घेऊन. खालच्या दुकानातली चिनी आजी पायरीवर बसली होती. तिच्या चुलीवरही एक देव होता, कागदावर छापलेला. तिनं आईच्या हातातल्या बुटाकडं, मग आईच्या तोंडाकडं बघितलं आणि पाय आवरून वाट दिली. लॉरीपाशी नाना म्हणाले, "हे काय घेतलंस हातात?"

"म्हातारा आहे. सरका जरा, बसू दे."

नानांनी बूट ओळखला. फळीवर दोन गाठोडी होती ती स्वतः मांडीवर घेतली आणि जागा केली.

आज मी या वयाला विचार करते, आईला दोमोवोय पटला होता का? छे. ती शेवटपर्यंत 'लुबाचा म्हातारा' म्हणायची. विनूकाका परत आला नाही. तो कुठं गेला, कसा गेला, आम्हाला कधीच कळलं नाही. काकू मात्र आमच्यातच राहिली, शिवणकाम केलं, माझ्या मुलाला तिनं मांडीवर खेळवलं, आणि तिला पोचवली तीसुद्धा त्याच फ्लॅटमधून. ती गेली त्या दिवशी मीच सगळे आरसे कापडानं झाकले. तिनं सांगून ठेवलं होतं. मुलगा विचारत होता कशाला, मी म्हटलं झाक, प्रश्न नंतर विचार. पण हे फार पुढचं झालं. घर बदललं त्या दिवशी आम्ही अजून लिफ्टमध्ये होतो, लिफ्ट मध्येच कुठल्याशा मजल्यावर थांबली आणि एक मलाय बाई आत येता येता बूट, देव आणि आमची तोंडं बघून पुढच्या लिफ्टनं येते म्हणाली.

फ्लॅटमध्ये आई आधी बूट घेऊन शिरली. स्वयंपाकघरात गेली, गॅसच्या सिलिंडरमागं भिंतीशी तो ठेवला, "बसा" म्हणाली. मग कोपरापर्यंत हात धुतले, साबणानं, दोनदा, आणि माझ्याकडून देव घेतले. पूर्वेचा कोपरा काकूनं तोवर शोधून ठेवला होता. त्यांच्याकडंही देवाच्या तसबिरी त्याच कोपऱ्यात लागतात. देव बसले. आईनं कुंकवाची कोयरी काढली, नानांच्या समोर काकूला पाटावर बसवलं आणि तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, ठसठशीत. नाना मान खाली घालून बघत होते. "घरातली सवाशीण आहेस," आई म्हणाली. "नव्या घरातलं पहिलं दूध तू तापव."

काकूनं दूध ठेवलं. लक्ष देऊन उभी राहिली, तिचं गाव गाईंचं, दुधाला ती फार जपायची. दूध वर आलं, फुगलं, कडेला टेकलं, आणि तिनं झटकन पातेलं उचललं.

"अगं, उचललंस काय! उतू जाऊ दे!"

"दूध विस्तवावर? नाही, वहिनी! गाय आजारी पडते!"

"इथं कुठली आलीय गाय? आमच्यात मुद्दाम उतू घालतात. घर भरून वाहू दे म्हणून."

काकू पातेलं हवेत धरून उभी. वाफेनं तिचं तोंड लाल झालेलं, कुंकू थोडं ओघळलेलं. तिनं आईकडं बघितलं, सिलिंडरच्या मागं बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, जिथं कुठल्या तरी खालच्या रस्त्यावर बस भोंगा वाजवत होती. मग खांद्यावरून तीन वेळा थू थू केलं आणि पातेलं परत ठेवलं. दूध उठलं, सांडलं, आच फसफसली, जळक्या दुधाचा वास सगळ्या रिकाम्या खोल्यांतून गेला.

"झालं," आई म्हणाली. "आता पूस. माझ्याकडं काय बघतेस, घर तुझं नाही का?"

फडकी सगळी अजून गाठोड्यांत होती. काकूनं डोक्याचा रुमाल सोडला आणि ओटा पुसायला घेतला.